महालिंगप्पा गुरुजींचे दोन निरोप

नळदुर्गच्या अलीकडे, हैदराबादच्या सडकेला लागून, मिशनची एक प्राथमिक शाळा होती. त्या शाळेतून जो कोणी जाई, मग ती बदली झालेली सिस्टर असो की गुडघे दुखतात म्हणून घरी बसणारा शिपाई असो, त्याला शाल, नारळ आणि मानपत्र मिळे. शाल सोलापूरहून येई, नारळ नळदुर्गच्या बाजारातून येई आणि मानपत्र महालिंगप्पा गुरुजींच्या डोक्यातून येई.

बावीस वर्षांत गुरुजींनी एकोणीस मानपत्रे लिहिली. खरे सांगायचे तर मानपत्र एकच होते, नाव तेवढे बदलायचे. ‘आपल्या ज्ञानरूपी वटवृक्षाच्या शीतल छायेत विसावलेली आम्ही बालपाखरे’ अशी त्याची सुरुवात होती. मध्ये ‘संसारसागरातील दीपस्तंभ’ होता, आणि शेवटी ‘हा वियोग आमच्या कोमल अंतःकरणांस असह्य होत आहे’ असे म्हणून ते थांबे. शाळेचा एक म्हातारा शिपाई जन्मात कधी पाटीवर अक्षर न लिहिता गेला, त्यालाही ज्ञानरूपी वटवृक्ष मिळाला होता. गुरुजींना त्यात काही गैर वाटत नसे. देवाची आरती काय रोज नवी लिहितात, असे ते म्हणत.

वाचतही गुरुजीच. कागद डोळ्यांसमोर धरून, एकेक शब्द चघळत, सावकाश. वाचन संपले की टाळ्यांचा कडकडाट होई. तो इतका एकदम आणि इतका जोरात होई की गुरुजींना दर वेळी वाटे, आज मजकूर फारच लागला.

तर एकोणीसशे बहात्तरच्या एप्रिलमध्ये निरोपाची पाळी खुद्द गुरुजींवर आली. अठ्ठावन्न पूर्ण होत होती. आणि अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मनात एक इच्छा उगवली, जी त्यांनी कुणाला सांगितली नाही: आपल्याविषयी कुणीतरी दोन ओळी लिहाव्यात. वटवृक्ष नको, दीपस्तंभ नको. आपण न लिहिलेल्या दोन ओळी, बस्स.

ते पंधरा दिवस वाट पाहत राहिले. शिक्षकांच्या टेबलावर त्यांनी कोरे ताव ठेवले, शेजारी दौत ठेवली, दौतीत टाक बुडवून ठेवला. शाळेचा कारकून हिंमतराव याने त्या तावांवर हजेरीचे रकाने आखले.

“अहो, सरळ कुणाला तरी सांगा की लिहायला,” घरी गिरिजाबाई म्हणाल्या.

“मानपत्र मागायचं नसतं. ते मिळतं.”

“मग वांगी का मागून आणता शेजारून? ती पण मिळतीलच की.”

शेजारी म्हणजे तात्याराव. गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. कुंपणापलीकडून त्यांना सगळे ऐकू येई आणि जे ऐकू येई त्यावर ते सल्ला देत. “गुरुजी, ठराव करा,” ते म्हणाले. “ठरावाबिगर ह्या जगात काय बी होत न्हाय. सोसायटीची म्हैस आजारी पडली तरी आमी ठराव करतो. सूचक मी होतो, अनुमोदन तुमी द्या.”

“माझ्याच मानपत्राला मी अनुमोदन देऊ?”

“मग इरोध करा. पण नोंद होऊ द्या.”

शेवटी एके दिवशी त्या वेळच्या मुख्याध्यापिका, सिस्टर क्लेमेन्शिया, व्हरांड्यात भेटल्या आणि प्रेमाने म्हणाल्या, “गुरुजी, मानपत्र झालं का लिहून? नेहमीसारखंच छान लिहा हं.” कुणासाठी लिहायचे हे त्यांच्या लक्षातच नव्हते. बावीस वर्षांची सवय होती, सवयीला चेहरा नसतो.

गुरुजी घरी आले, दिवाणावर मांडी घालून बसले आणि त्यांनी स्वतःला आदरणीय म्हटले. मग स्वतःच्या ज्ञानरूपी छायेत विसावले. मग स्वतःचा वियोग स्वतःला असह्य करून घेतला आणि खाली तारीख घातली. त्यांची मुलगी शिवगंगा सोलापूरला कॉलेजात होती, सुट्टीवर आली होती. तिने कागद वाचला आणि म्हणाली, “अप्पा, ह्यात तुम्ही कुठं आहात?” गुरुजींनी टोपी घातली आणि ते बाहेर गेले. बाहेर काही काम नव्हते.

समारंभाच्या दिवशी आणखी एक अपघात झाला. गुरुजी सत्कारमूर्ती असल्याने मानपत्र वाचायला हिंमतराव उभा राहिला आणि गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याच्या खुर्चीत, सभेकडे तोंड करून बसले. बावीस वर्षे त्यांच्या आणि सभेच्या मध्ये कागद होता. आज तो नव्हता. त्यामुळे दिसू नये ते दिसले.

‘शीतल छायेत’पर्यंत पहिली-दुसरीची पोरे एकमेकांच्या खांद्यावर कलली होती. ‘अविरत ज्ञानयज्ञ’ येईपर्यंत पालकही पेंगले. दीपस्तंभापाशी सिस्टर क्लेमेन्शियांची मान हळूहळू, फार सभ्यपणे, खाली आली. तात्याराव तोंड उघडे ठेवून बसले होते आणि त्यांच्या फेट्याचा शेमला वाऱ्यावर हलत होता. बाहेर कडुलिंबाखाली एक बैल उभ्या उभ्या डोळे मिटून होता. सगळ्या मांडवावर एक जडशीळ, गोड, पाण्यासारखी शांतता पसरली होती आणि तिच्यावर हिंमतरावचा आवाज होडीसारखा हलत होता. मग शब्द संपले, शिपाई रेवणप्पाने टेबलावर रूळ आपटला, आणि सगळे खडबडून जागे होऊन टाळ्या वाजवू लागले.

त्या कडकडाटाचे रहस्य गुरुजींना असे बावीस वर्षांनी कळले. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, फ्रेममधले मानपत्र घेतले आणि ते घरी गेले. ‘आभार’ या शब्दापलीकडे त्यांना बोलता आले नाही. लोक म्हणाले, गुरुजींना गहिवरून आले.

आता गोष्ट इथेच संपायची. पण पेन्शनच्या कागदांना जन्माचा मूळ दाखला हवा होता, आणि मूळ दाखला निजामाच्या अमलातला, उर्दूत होता. गुरुजी तो घेऊन उस्मानाबादला गेले. तिथे कचेरीत एक जुने, जाड चष्म्याचे कारकून होते, त्यांचे सगळे आयुष्य निजामी दप्तरात गेलेले. त्यांनी दाखला उजेडाकडे धरला.

“माहे खुर्दाद, सन तेराशे चोवीस फसली,” ते म्हणाले. “गुरुजी, इसवी सन काढताना किती मिळवलेत?”

“पाचशे नव्वद.”

“कुणी सांगितलं?”

गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कुणी सांगितले नव्हते. पोलीस अ‍ॅक्शननंतर सगळी जुनी सने बदलायची होती तेव्हा गावात उर्दू आणि गणित दोन्ही येणारा माणूस एकच होता, आणि तो आत्ता या बाकावर बसला होता.

“फसली साल ऑक्टोबरात बदलायचं,” कारकून बोटांवर मोजत म्हणाले. “थंडीच्या तोंडाला जन्मलेल्यांना नव्वद. बाकी सगळ्यांना एक्याण्णव. खुर्दाद म्हणजे एप्रिल. तुम्हाला एक्याण्णव. तुमचं वय सत्तावन्न आहे. रिटायर कसे काय झालात? जा, जून महिन्यात कामावर जा.”

गुरुजी परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वैशाखाची रिकामी राने मागे पळत होती. त्या वर्षी कुणाला काही जादा मिळत नव्हते. पाणी जादा नव्हते, कडबा जादा नव्हता. त्यांना एक आख्खे वर्ष जादा मिळाले होते. ते कुठे ठेवावे हे त्यांना सुचेना.

गावात ही बातमी त्यांच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रांग होती. गुरुजींनी गावातल्या निम्म्या लोकांची सने बदलून दिली होती, सगळ्यांना सरसकट पाचशे नव्वद. ज्याला त्याला आपले वर्ष परत हवे होते. एका म्हातारीने विचारले, माझा नवरा वारला तेव्हा तो वर्षानं लहान होता का? गुरुजी म्हणाले, होय. तिने पदर डोळ्यांना लावला आणि ती म्हणाली, “तरीच पोरासारखा दिसायचा.”

तात्यारावांचा प्रश्न निराळा होता. “गेल्या साली सोसायटीनं माझी पन्नाशी केली. गावजेवण घातलं. म्हंजे तवा मी एकोणपन्नास? खरी पन्नाशी यंदा?”

“हो.”

“मग परत करावी लागंल,” तात्याराव गंभीरपणे म्हणाले. “दुष्काळ बघून साधी करू.”

शाळेतली अडचण मात्र साधी नव्हती. हिंमतरावने सांगितले की निरोप झालेला माणूस रुजू होऊ शकत नाही. रुजू व्हायचे तर निरोप रद्द झाला पाहिजे. निरोप रद्द व्हायचा तर निरोपाच्या वस्तू परत आल्या पाहिजेत. “शाल डेडस्टॉकच्या रजिस्टरला जमा करा. मानपत्रावर तुमचं नाव आहे, ते र्‍हाऊ द्या. नारळ कुठाय?”

“त्याची चटणी झाली.”

हिंमतरावने बराच विचार केला. “नारळ नाशवंत धरतो,” तो शेवटी म्हणाला. “पण चटणी झाली हे कुणाला सांगू नका.”

अशा रीतीने शाल घडी घालून ऑफिसच्या कपाटात गेली, जगाचा नकाशा आणि फुटक्या पृथ्वीगोलाच्या मध्ये, आणि गुरुजी जूनमध्ये शाळेत गेले.

तिथे त्यांना एक चमत्कारिक अनुभव आला. त्यांचा चौथीचा वर्ग एका नव्या बाईंना दिला होता. त्यांच्या खुर्चीवर दुसरीच उशी होती. खुंटीवर टोपी ठेवायला गेले तर तिथे छत्री होती. पोरे त्यांना पाहून उभी राहत, पण जराशी दचकून. ज्याच्या निरोपाला आपण टाळ्या वाजवल्या तो माणूस व्हरांड्यातून चालत येतो म्हणजे काय. गुरुजी दिवसभर शाळेतून हिंडत. आपण गेल्यावर जग कसे चालते हे पाहायची कुणाला संधी मिळत नाही, ती त्यांना मिळाली होती. जग ठीक चालले होते. मधल्या सुट्टीची घंटा वेळेवर होत होती. त्यांनी तिसरीच्या खिडकीतून ऐकले, पाढे तेच होते, बावीस चोक अठ्ठ्याऐंशीला तसाच हेल होता. एखाद्या विहिरीत डोकावून आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा तसे ते ऐकत राहिले.

सिस्टर क्लेमेन्शिया बदलून गेल्या होत्या आणि नव्या मुख्याध्यापिका आल्या होत्या, सिस्टर बेनिग्ना. मंगळूरकडच्या. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे बोलताना शब्दांना इस्त्री केल्यासारखे वाटे. त्या येताना एक ट्रंक कपडे आणि एक वही नवीन उपक्रम घेऊन आल्या होत्या.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “आपल्यापाशी वर्ग नाही. माझ्यापाशी उपक्रम आहेत, परंतु प्रमुख नाही. हा ईश्वरी संकेत आहे.”

ज्या माणसाला शाळेने वाजतगाजत घरी पाठवले होते, तो अशा रीतीने ‘नवीन उपक्रम प्रमुख’ झाला.

पहिला उपक्रम प्रश्नपेटी. मुलांनी मनातले प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचे, गुरुजींनी प्रार्थनेच्या वेळी उत्तरे द्यायची. आठवड्याने पेटी उघडली, एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. एकतिसांत प्रश्न एकच होता: दूध कधी येणार? शाळेत वाटायची दुधाची भुकटी रस्त्यात कुठेतरी अडकली होती. गुरुजींनी उत्तर दिले, “चौकशी चालू आहे.” पुढच्या आठवड्यात चाळीस चिठ्ठ्या निघाल्या. चौकशी कुठवर आली?

दुसरा उपक्रम वाद्यवृंद. त्यात दोन ढोल आणि एक बिगूल. त्या वर्षीच्या कोरड्या हवेत ढोलांची कातडी अशी ताणली गेली की दिवाळीपूर्वीच दोन्ही फुटले. बिगूल उरला, पण तो ऐकून सडकेवरचे ट्रक थांबू लागले, म्हणून तो बंद केला.

तिसरा उपक्रम बालवाडी. हा मात्र उपक्रम नव्हता, गरज होती. श्रावण कोरडा गेला, भादवाही तसाच गेला, आणि सडकेवर दुष्काळी काम निघाले. बाया पहाटे खडी फोडायला जात आणि लहान पोरे शाळेच्या फाटकात ठेवून जात. चाळीस पोरे जमली. रेवणप्पा सुकडीचे गोड पीठ वाटायचा. सिस्टर बेनिग्नांनी वही उघडून म्हटले, “भोजनोत्तर विश्रांतीचा तास. बालकांनी पाऊण तास निद्रा घेणे आवश्यक आहे.”

“आणि निद्रा आली नाही तर?”

“ती आणणे हे उपक्रम प्रमुखाचे कर्तव्य आहे.”

पहिल्या दिवशी गुरुजींनी चाळीस पोरे बसकरपट्ट्यांवर आडवी केली. उजवीकडची निजवली की डावीकडची उठत. एकजण रडला की चाळीसजण रडत, अगदी ठराव पास झाल्यासारखे. गुरुजींनी दटावले, पोरे हसली. गुरुजींनी गाणे म्हटले, पोरे घाबरली. एक बाळ त्यांच्या धोतरावर मुतले. सत्तावन्नाव्या वर्षी, बावीस वर्षांच्या सेवेनंतर, एका सत्कारमूर्तीवर ही वेळ आली होती. ते भिंतीला टेकून बसले आणि त्यांना तो मांडव आठवला. कलत्या माना, उभा बैल. एक कडवट विचार मनात आला. तो विचार होता सुडाचा, पण अमलात आणताना मऊ झाला.

“आपल्या ज्ञानरूपी वटवृक्षाच्या,” ते सावकाश म्हणू लागले, “शीतल छायेत विसावलेली… आम्ही… बालपाखरे…”

‘अविरत ज्ञानयज्ञा’पर्यंत पहिली रांग गेली. दीपस्तंभाशी पोचेपर्यंत खोलीत श्वास तेवढे ऐकू येत होते, चाळीस छोटे श्वास, पुढेमागे, जशी एखादी मोठी गाय झोपेत रवंथ करते. पत्र्याच्या भोकांतून उन्हाची नाणी खाली पडली होती, ती पोरांच्या पोटांवर वरखाली होत होती. लांब सडकेवर त्यांच्या आयांच्या हातोड्यांचा ठक् ठक् आवाज येत होता, तोही लांबून झोपाळल्यासारखा वाटे. गुरुजींनी ‘वियोग’ म्हटले ते कुणासाठी हे त्यांनाच कळले नाही, कारण तेही निजले होते.

त्यानंतर रोज मानपत्र. मानपत्राविना पोरे निजेनात. फक्त मालन नावाची चार वर्षांची एक पोरगी डोळे टक्क उघडे ठेवी. तिची आई विठाबाई खडीच्या कामावर होती.

“गुरुजी, दीपस्तंभ म्हंजे काय?”

“समुद्रात असतो. दिवा.”

“समुद्र म्हंजे?”

“पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं पाणी.”

मालनने विचार केला. “कोन भरतं?”

“कुणी भरत नाही. असतंच.”

“रांग न्हाय?”

“नाही.”

“भांडनं?”

“नाही. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं.”

“मग झोपते,” मालन म्हणाली आणि झोपली. गुरुजी बराच वेळ तो समुद्र पाहत बसले. त्यांनीही तो कधी पाहिला नव्हता.

फेब्रुवारीत विस्तार अधिकारी तपासणीला आले. आदल्या दिवशी तात्यारावांनी सल्ला दिला होता की साहेबांना आधी चहा द्यावा, मग उपक्रम. सिस्टर बेनिग्नांनी आधी उपक्रम दिला. साहेब उन्हातून आले होते, दुष्काळी कामावरची चार गावची खडी मोजून आले होते. ते बालवाडीच्या दारात उभे राहिले. आत अंधूक, गार, शेणाने सारवलेली जमीन. गुरुजींनी साहेबांना बघून उठायला हवे होते, पण मानपत्र अर्ध्यात होते, आणि अर्ध्यात सोडले तर चाळीस पोरे उठली असती. त्यांनी नुसती मान झुकवली आणि पुढे चालू ठेवले. साहेब हळूच भिंतीशी टेकले. बूट काढले. वही मांडीवर घेतली. दीपस्तंभ आला आणि गेला.

तासाभराने सिस्टर बेनिग्ना पाहायला आल्या तेव्हा बेचाळीसजण निजले होते. शेवटचे दोघे मोठे होते.

शेरेबुकात साहेबांनी लिहिलेला शेरा पुढे बरीच वर्षे हिंमतराव लोकांना दाखवी. ‘विश्रांतीचा उपक्रम प्रत्यक्ष पाहिला. परिणामकारक.’

एप्रिल आला. या खेपेला एक्याण्णव मिळवूनही अठ्ठावन्न भरत होते. सिस्टर बेनिग्ना म्हणाल्या, निरोप समारंभ यथोचित झालाच पाहिजे. गुरुजींनी धीर केला आणि आयुष्यातले सगळ्यात धाडसी वाक्य बोलले.

“या वेळी मानपत्र मी लिहिणार नाही.”

आणि ते थांबले. खोलीत हिंमतराव होता, नव्या बाई होत्या, रेवणप्पा पाण्याचा माठ झाकत होता. कुणीतरी म्हणावे, मी लिहितो.

“लिहायचं कशाला?” हिंमतराव म्हणाला. “गेल्या सालचं हाय की तुमच्या भिंतीवर. फ्रेमसकट आना. तारीख तेवढी बदलू.”

सगळ्यांना ती सूचना फार सोयीची वाटली. गुरुजींनी होकाराची मान हलवली. ती हलवताना त्यांना आपल्या मानेचे वजन कळले. घरी जाऊन त्यांनी फ्रेम खुंटीवरून काढली. गिरिजाबाईंनी तिच्यावरची धूळ पदराने पुसली. वांग्यांचेसुद्धा काही बोलल्या नाहीत. परीक्षा देऊन आलेली शिवगंगा म्हणाली, “अप्पा, मी घेऊन येते ती शाळेत. तुम्ही व्हा पुढं.” तिने लिहायचे मनात आणले नव्हते असे नाही. पण अप्पांविषयी खरे लिहायला बसले की तिचा टाक अडे. जवळच्या माणसाचे असेच असते.

समारंभ तीनला होता. एक वाजता गुरुजी नेहमीसारखे बालवाडीत गेले. बाहेर मांडवाचे खांब ठोकणे चालू होते, पोरे हुरळली होती, कुणी निजायला तयार नव्हते. गुरुजी भिंतीला टेकून बसले.

“आपल्या ज्ञानरूपी… वटवृक्षाच्या…”

नेहमीसारखे पुढे गेले. छाया, पाखरे, यज्ञ, दीपस्तंभ. मग ‘हा वियोग’ आले आणि गुरुजी थांबले. तो शब्द त्यांनी वीस जणांसाठी लिहिला होता, गेले सहा-सात महिने रोज म्हटला होता. आज तो पुढे जाईना. पोरे वाट पाहत होती. त्यांनी पुन्हा तोंड उघडले. ‘हा’ एवढेच निघाले.

मालन उठून बसली.

“गुरुजी, तुमी निजा,” ती म्हणाली. “म्या म्हनते.”

तिने त्यांच्या उपरण्याचे टोक ओढले. गुरुजी हसले आणि बसकरपट्टीवर आडवे झाले, केवळ तिचा मान राखायला. मालनने त्यांच्या कपाळावर हात ठेवला, तिची आई ठेवी तसा, खडीच्या धुळीने खरबरीत झाल्यासारखा जड करून, आणि गुरुजींच्याच संथ, चघळत्या सुरात सुरू केले.

“आदरनीय गुरुजी. तुमी आमास्नी निजवता. बाळ्या मुतला तरी तुमी मारत न्हाय. तुमच्या खिशात फुटाने असत्यात. तुमी आमाला समुद्र दावला. तितं रांग न्हाय. आय येस्तवर तुमी घरला जात न्हाय. सगळी गेली तरी तुमी फाटकात बसता.” इथे ती जरा थांबली, कारण पुढचे मोठे होते. “उद्या तुमी येनार न्हाय. म्हून उद्या आमी निजनार न्हाय.”

“न्हाय निजनार,” बाळ्या म्हणाला.

खिडकीबाहेर फ्रेम घेऊन शिवगंगा उभी होती. ती आत आली नाही. तिने फ्रेम उलटी केली, पाठीमागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने ते सगळे उतरवून घेतले, जसेच्या तसे, बाळ्यासकट, आणि ती फ्रेम मांडवात नेलीच नाही. पुढे ती फ्रेम घरात कायम पाठमोरी टांगलेली असे. पाहुणे विचारत, ही उलटी का? गुरुजी म्हणत, सुलटीच आहे. आता विचारणारे कोणी येत नाही, पण पेन्सिल अजून वाचता येते.

गुरुजींना जाग आली तेव्हा पत्र्यातली उन्हाची नाणी भिंतीवर चढून तांबूस झाली होती. खोलीत कुणी नव्हते. पोरे आयांबरोबर गेली होती. अंगावर काहीतरी उबदार होते. त्यांनी चाचपले, तर ती गेल्या वर्षीची शाल, घडीच्या जागी जराशी खडूची पावडर लागलेली. उशाशी नारळ होता. दारात रेवणप्पा बसून तंबाखू मळत होता.

गुरुजी धडपडून उठले. “रेवणप्पा! किती वाजले? समारंभ…”

“झाला.”

“झाला? मला उठवलं का नाही?”

“समदी आली होती की उठवाया. सिस्टरबाई, हिंमतराव, तात्याराव भाषणाचा कागद घेऊन. दारात हुबी राहिली आन बगत बसली. ती पोरगी वळून म्हनली, गप ऱ्हावा, आत्ता निजलेत. मग काय, सिस्टरबाईंनी बूट काढले, शाल घातली, नारळ ठिवला. पाच-धा मिंटं समदी हितंच बसली, कुनी काय बोललं न्हाय, आन उठून गेली.”

“मानपत्र?”

“ते पोरीनं म्हनलंच की.”

गुरुजी शाल सावरून उंबऱ्याशी आले. समोर रिकामा मांडव होता, त्याच्या सावल्या लांब पडल्या होत्या. शालीवरचा खडू झटकत त्यांनी विचारले, “लोकांना कसा वाटला समारंभ?”

रेवणप्पाने तंबाखू थोपटली. बावीस वर्षांतले सगळे निरोप त्याने पाहिले होते, सगळ्या निरोपांत शेवटी रूळ त्यानेच आपटला होता.

“लई चांगला झाला,” तो म्हणाला. “पैल्यांदाच तुमी सोडून कुनी झोपलं न्हाय.”